जास्तीच्या अकरा नोंदी

फोन आला तेव्हा मी एका कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीचं यंत्र उघडून बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील.

"तारवाले काका का?" पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

या नावानं मला नऊ वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मानसशास्त्र विभागात मी तंत्रज्ञ होतो, तिथली प्रत्येक तार माझ्या हातून गेलेली, म्हणून सगळे मला तारवाले म्हणायचे. नाव चिकटलं ते चिकटलंच.

"मी विभागात संशोधन करते," ती म्हणाली. "आमच्या प्रयोगाचे दोन प्रोग्राम आहेत, त्यांचं एकमेकांशी जमतच नाहीये. जुना तुम्ही बसवला होतात. सर म्हणाले, त्याची नस फक्त तुम्हालाच ठाऊक."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण 'फक्त तुम्हालाच' हे शब्द माणसाला फार गोड लागतात. मी म्हटलं, "तासाभरात येतो."

तुम्हाला आधी थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मानसशास्त्राचा प्रयोग म्हटलं की लोकांना वाटतं, कोचावर आडवं करून स्वप्नं विचारत असतील. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. माणूस एका बंद खोलीत पडद्यासमोर बसायचा. पडद्यावर चित्रं यायची. छत्री, होडी, कात्री. चित्र आधी पाहिलेलं असेल तर उजवं बटण, नवं असेल तर डावं. बस्स, आठवण तपासायची. यासाठी प्रोग्राम दोन. एक चित्रं दाखवायचा, आणि एका चित्राला एकच उत्तर मोजायचा. दुसरा प्रत्येक दाबलेलं बटण, क्षणासकट, लिहून ठेवायचा. दोघं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षांत बनवलेले. एका स्वयंपाकघरात दोन जावा असाव्यात तसे. दोघी आपापल्या जागी गुणी, पण डबा कुणी कुठं ठेवला यावरून रोजचा खटका.

विभागाचं तळघर बदललेलं नव्हतं. जिना उतरला की डाव्या हाताला आमची नियंत्रणाची खोली, तिथं दोन संगणक, आणि समोरच्या भिंतीत ती बंद खोली. तिचं दार वीतभर जाड. आत भिंतींना करड्या फोमचे उंचसखल तुकडे, खाली गालिचा, एक खुर्ची, एक पडदा, आणि खुर्चीच्या हातावर बटणांची डबी. दार लागलं की कानांवर कुणीतरी तळहात ठेवल्यासारखं होतं. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. वासही तोच होता. जुना फोम, आणि इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी आत सोडलेला श्वास.

संशोधक मुलगी चटपटीत होती. बसायला खुर्ची दिली, स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

"हे बघा काका. आत कुणी नाही. मी नुसती चित्रं सोडते. दाखवणारा म्हणतो, उत्तरं शून्य. बरोबर आहे. पण लिहिणारा म्हणतो, अकरा."

"जास्तीच्या नोंदी? जुनंच दुखणं आहे ते," मी म्हटलं. "एक दाब दोनदा लिहिला जातो."

"पण दाबच नाहीये ना..."

मी बाह्या सरसावल्या. आधी तार बदलली. मग संगणकाची दुसरी खाच वापरून पाहिली. दाखवणाऱ्याचं नवं व्हर्जन काढून जुनं घातलं. दोन्ही प्रोग्रामची घड्याळं जुळवली. दर वेळी चित्रं सोडायची, वाट बघायची. दर वेळी अकरा. शेवटी मी बंद खोलीतून बटणांची डबीच काढून आणली, तिची तार उपसली आणि डबी आमच्या दोघांच्या मधे टेबलावर ठेवली. कशालाच न जोडलेली. चित्रं सोडली.

अकरा.

"म्हणजे डबी निर्दोष," मुलगी खुशीत म्हणाली. "दोष प्रोग्रामचाच. नाही का?"

तोवर मी फक्त आकडा मोजत होतो. आता पहिल्यांदाच त्या नोंदींमधली अंतरं वाचली. पहिल्या तीन सावकाश, मधे दीर्घ श्वास घ्यावा इतकं अंतर ठेवून. मग पाच भराभर, एकीवर एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. मग सहा मिनिटं कोरी, आणि त्यानंतर शेवटची एक.

सगळ्या उजव्या बटणाच्या.

ही यादी मी आधी पाहिली होती. जगात ती पाहिलेला मी एकटाच होतो, कारण ती मीच पुसली होती.

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतोय.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या. वयस्कांच्या आठवणीवर सरांचं काम चाललं होतं, त्यासाठी त्या स्वतःहून नाव देऊन गेल्या होत्या. येताना ताठ, जाताना ताठ. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर सगळ्यांदेखत सांगायच्या. मला त्या आवडायच्या.

त्या आठवड्यात दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन आलं होतं आणि लिहिणाऱ्याशी त्याचं बिनसलं होतं. बंद खोलीत बोलण्याची एक तार होती, आतला माणूस आणि बाहेरचा मी, आम्हाला जोडणारी. ती चालू असली की लिहिणारा मधेच अडकायचा. सरांना शुक्रवारपर्यंत आकडे हवे होते. मी तार काढून टाकली. बाईंना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "बाई, आज बोलता येणार नाही. काही वाटलं तर उजवं बटण दाबत राहा. मी येतोच."

"विसरू नका म्हणजे झालं," त्या हसून म्हणाल्या. मी दार लावलं.

नवव्या चित्राला पडदा गोठला. आणि लिहिणाऱ्याच्या यादीत जास्तीच्या नोंदी पडायला लागल्या. तीन. मग पाच. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आलं पुन्हा जुनं दुखणं! दार चार पावलांवर होतं. मी उठलो नाही. मी एक गाळणी लिहायला बसलो, एका चित्रामागे एकच नोंद ठेव, बाकीच्या टाकून दे, अशी. मधे दोन नोंदी आल्या, त्याही मी वैतागून पाहिल्या. गाळणी लावली. त्यानंतर सहा मिनिटं एकही जास्तीची नोंद दिसली नाही. आपलं काम जमलं या आनंदात मी शीळ घालत होतो, हे सांगताना मला आजही लाज वाटते. मग मूळ यादी तपासायला उघडली, तर तिच्यात आणखी एक पडलेली. अकरावी. तेव्हा कुठं मी उठलो आणि दार उघडलं.

बाई खुर्चीत एका बाजूला कलंडल्या होत्या. तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळलेला. उजव्या हाताचं बोट अजून बटणावर.

दवाखान्यात त्या दुपारी गेल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला होता, पाव तास आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं काही. आणि हे ऐकायच्या आधीच, दवाखान्याची गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत, मी दोन कामं केली होती. बोलण्याची तार परत जोडली होती. आणि ती यादी पुसली होती. चौकशीत मी सांगितलं, त्यांनी काही खूण केलीच नाही. सगळ्यांना पटलं. मी नेहमी खरं बोलणारा माणूस होतो ना.

बाईंना एक मुलगी होती. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले होते. दर वर्षी त्या तारखेला ती मला निरोप पाठवायची, 'आई शेवटी एकटी नव्हती, तुम्ही होतात, याचाच आधार वाटतो.' माझी बायको तो मोठ्यानं वाचून दाखवायची. म्हणायची, "बघा, लोक कशी जाण ठेवतात!" आणि मी जेवणाच्या ताटात खाली बघत राहायचो.

"काका?" संशोधक मुलगी माझ्याकडे पाहत होती. "बरं वाटत नाहीये का?"

"नाही, नाही. विचार करतोय."

"एकदा माणूस आत बसवून बघूया का? खरी बटणं आणि खोटी बटणं वेगळी काढता येतील. तुम्ही बसा, मी इथं नजर ठेवते."

काय कारण सांगून नाही म्हणणार होतो? मी डबी परत जोडली आणि आत जाऊन खुर्चीत बसलो. ती दारात उभी राहिली.

"बोलायची तार मी काढून ठेवलीय हं. तुमचीच सूचना लावलीय भिंतीवर, दोन्ही प्रोग्राम एकत्र चालवताना तार काढावी म्हणून." मग ती अगदी सहज म्हणाली, "काही वाटलं तर उजवं बटण दाबत राहा. मी येतेच."

हे वाक्य त्या सूचनेत नव्हतं. मी तोंड उघडेपर्यंत दार लागलं.

आधी काहीच नाही. कानांत स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येतं तेवढंच. पडद्यावर छत्री आली, मी डावं दाबलं. होडी आली, डावं. कात्री, खुर्ची, मग पुन्हा छत्री, उजवं. हात जरा सैल झाले. मी स्वतःला म्हटलं, वेड्यासारखं काय करतोस.

नववं चित्र किल्लीचं होतं. ते आलं आणि गेलंच नाही.

मी वाट पाहिली. माझं बोट उजव्या बटणावर नुसतं टेकलेलं होतं. दाबलं नव्हतं मी. शपथेवर सांगतो, दाबलं नव्हतं.

बटण खाली गेलं. टक.

मी बोट उचलायला गेलो. उचललं जाईना. हातावर वजन होतं... फार नाही. झोपलेल्या मुलाचा हात आपल्या अंगावर पडतो तितकंच. वाळकं, हलकं, किंचित गार. त्या वजनाखाली माझं बोट पुन्हा खाली गेलं. टक. दीर्घ श्वासाइतकी उसंत. टक.

मग पाच. भराभर. नख दुखेल इतक्या जोरानं.

मी ओरडलो. त्या खोलीत आवाज ओठांवरून उतरून तिथंच गालिच्यावर पडतो. दार चार पावलांवर होतं, आणि माझे पाय कुणा दुसऱ्याचे होते. "बाई..." मी म्हटलं, "बाई, ऐकतोय मी..."

माझ्या उजव्या कानाशी श्वास चालू होता. तो तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येत होता.

टक. टक.

आणि मग ती सहा मिनिटं सुरू झाली. तुम्हाला वाटेल, त्यात काय घडलं? काहीच घडलं नाही. हात हातावर तसाच राहिला. कुणी माझा गळा धरला नाही, कुणी मला बोल लावला नाही. नुसतं बसवून ठेवलं. दाराकडे बघत. कुणीतरी येईल म्हणून, येईलच म्हणून, एकेक क्षण बघत. मला तेव्हा भीती वाटत नव्हती, खरंच सांगतो. भीती परवडली. बाहेर चार पावलांवर एक माणूस शीळ घालतोय, हे मला ठाऊक होतं, आणि तो माणूस कोण तेही ठाऊक होतं. असं वाटत होतं की कातडी सोलून कुठंतरी ठेवून द्यावी आणि आपण निघून जावं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. शेवटचं बटण दाबलं गेलं की नाही, सांगता येत नाही. एकदम उजेड आला, हवा आली आणि दारात ती मुलगी उभी होती. चेहरा आनंदानं फुललेला.

"जमलं!" ती म्हणाली. "काका, तुमची जुनी गाळणीची फाइल सापडली मला. ती लावली, आणि एकसुद्धा जास्तीची नोंद नाही. चाळीस चित्रं, चाळीस उत्तरं!"

"पडदा... गोठला होता," मी म्हटलं.

"नाही हो. शेवटपर्यंत झकास चालला. वीस मिनिटं झाली ना..." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटाचं नख मुळापर्यंत काळंनिळं झालं होतं.

मी तिला तिथंच, दारात उभा राहून, सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर तिनं टेबलावरची तिची पाण्याची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. चौकशीत मला कुणी ओरडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना लेखी दिलं. घरी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग बाईंच्या मुलीला कधी सांगणार?" आणि ताट घेऊन आत गेली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

बाईंच्या मुलीकडे मी रविवारी दुपारी गेलो. तिसरा मजला, खिडकीत उन्हं, भिंतीवर बाईंचा फोटो, त्यातही ताठच. तिनं हसून दार उघडलं, चहा ठेवायला निघाली. मी म्हटलं, "चहा नको. आधी ऐका. मग हाकलून द्या, चालेल." आणि सांगितलं. तार, गाळणी, अकरा नोंदी, सगळं. शीळसुद्धा सांगितली.

ती बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली. मग तिनं विचारलं, "तुम्ही दार उघडलंत तेव्हा किती वाजले होते?"

"पावणेबारा."

"मग हे खोटं आहे."

"नाही हो ताई. आता खोटं बोलून मला काय..."

"खोटंच आहे. तुम्ही मला अकरा पंचवीसला फोन केला होतात. म्हणून तर मी लगेच निघाले, म्हणून गाडी हलायच्या आत पोचले. नाहीतर आई मला दिसलीच नसती. तुम्हाला कळलंच नव्हतं म्हणता, मग फोन कसा केलात?"

मी म्हटलं, मी एकच फोन केला, बारा वाजायला पाच कमी असताना, तोही तुम्ही उचलला नाहीत. नियंत्रणाच्या खोलीतला फोन माझ्या कोपराशी होता. त्या अर्ध्या तासात त्याला कुणी हात लावला नाही. माझ्याशिवाय तळघरात कुणीच नव्हतं.

"तुमचाच आवाज होता," ती म्हणाली. मग थांबली. माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी आत्ताच तिच्या घरात आलो होतो. "म्हणजे... त्या दिवशी नंतर दवाखान्यात तुमच्याशी बोलले तेव्हा मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. फोनवर वयस्क माणूस वाटला होता. थकलेला. आणि तुम्ही तर तेव्हा बरेच तरुण... मी म्हटलं, फोनवर घाबरले असतील."

"आता कसा वाटतो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"असाच," ती अगदी हळू म्हणाली. "हाच."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती उठली, तिनं खिडकी लावली, पण परत बसली नाही.

"काय बोललो मी?"

"'तुमच्या आईंना बरं नाहीये. लवकर या.' एवढंच. पण एकेक शब्द तोडून, मधे थांबून थांबून. प्रत्येक शब्दाआधी मागून कुणीतरी तो शब्द तुम्हाला सांगत होतं." तिनं फोटोकडे पाहिलं नाही. "हे मी कधी कुणाला बोलले नाही. मागचा आवाज आईचा होता. वर्गात मुलांना शुद्धलेखन घालायची ना... तसा. शांत. आणि तुमचा एक शब्द चुकला, तेव्हा तिनं तो पुन्हा म्हणायला लावला."